मामायेव टेकडीवरची हाक

स्टालिनग्राड हे नाव मुंबईच्या गिरणगावाला तिथले स्मारक उभे राहण्याच्या दोन तपे आधीपासून ठाऊक होते. दुसरे महायुद्ध अजून चालू असताना शाहीर अण्णाभाऊ साठे यांनी सोव्हिएत आणि जर्मन सैन्यांतल्या तिथल्या लढाईवर पोवाडा रचला. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावातून पोटासाठी मुंबईत आलेल्या या माणसाला व्होल्गा नदीच्या काठी, आपल्याच कारखान्यांच्या ढिगाऱ्यांतून लढणाऱ्या कामगारांची झुंज परकी वाटली नाही. त्या काळात युद्धाचा निकाल लागलेला नव्हता, बर्लिन दूर होते, आणि म्हणून तो पोवाडा जिंकून झाल्यावरचे गुणगान नव्हता. ऐकणाऱ्याने उठावे, यासाठी तो होता. व्होल्गोग्राडच्या, म्हणजेच पूर्वीच्या स्टालिनग्राडच्या, मामायेव कुर्गान या टेकडीवर १९६७ साली उभे राहिलेले ‘मातृभूमी साद घालते आहे’ हे प्रचंड शिल्प मला याच कुळातले वाटते, आणि जगातल्या इतर विजयस्मारकांपेक्षा ते वेगळे का आहे, हे आज सविस्तर लिहावे असे मनात आहे.

विजयाचे स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्तंभ, कमान किंवा अश्वारूढ सेनापती येतो. लढाई संपलेली असते, शत्रू पराभूत झालेला असतो आणि दगड तो क्षण कायमचा धरून ठेवतो. मामायेव टेकडीवरची स्त्री मात्र अजून लढाईच्या मधोमध आहे. उजव्या हातात तलवार उगारून ती पुढे पाऊल टाकते. तिची मान मागे वळलेली आहे, डावा हात पसरलेला आहे आणि तोंड उघडे आहे. ती आपल्या मुलांना हाक मारते आहे. स्टालिनग्राडची लढाई २ फेब्रुवारी १९४३ रोजी संपली, पण युद्ध त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ चालले, आणि शिल्पकाराने हे सत्य मूर्तीच्या शरीरातच ठेवले आहे. तिच्या चेहऱ्यावर समाधान शोधू गेल्यास ते सापडत नाही.

ही टेकडी निवडली गेली ती केवळ शहरातून दिसते म्हणून नव्हे. सैनिकी नकाशांवर तिची नोंद ‘उंची १०२’ अशी होती. माथ्यावरून संपूर्ण शहर, व्होल्गाचे पात्र आणि पलीकडून कुमक आणणाऱ्या होड्यांचे घाट नजरेच्या टप्प्यात येतात. त्यामुळे टेकडी ज्याच्या ताब्यात त्याच्या तोफांखाली शहर, असा सरळ हिशेब होता. २३ ऑगस्ट १९४२ रोजी जर्मन विमानांनी शहरावर भीषण बाँबहल्ला केला, तेव्हा लाखो नागरिक अजून शहरातच होते. सप्टेंबरच्या मध्यावर जर्मन फौजा टेकडीवर पोहोचल्या. सोव्हिएत सेनानी अलेक्सांद्र रोदिम्त्सेव्ह यांच्या १३व्या गार्ड डिव्हिजनने रात्री नदी ओलांडून, आल्या पावली लढाईत उतरून १६ सप्टेंबरला माथा परत घेतला. त्यानंतर ही टेकडी पुन्हा पुन्हा हातची गेली आणि पुन्हा पुन्हा परत मिळवली गेली. दोनशे दिवसांच्या लढाईतले १३५ दिवस येथे झुंज चालू होती. २६ जानेवारी १९४३ रोजी पश्चिमेकडून आलेले सोव्हिएत रणगाडे आणि शहरात अडकून लढत राहिलेली ६२वी सेना यांची भेट याच टेकडीच्या उतारावर झाली, आणि वेढ्यात सापडलेल्या जर्मन सहाव्या सेनेचे दोन तुकडे झाले.

लढाईनंतर या मातीच्या प्रत्येक चौरस मीटरमध्ये पाचशे ते साडेबाराशे लोखंडी तुकडे सापडल्याची नोंद आहे. १९४३च्या वसंतात आजूबाजूचा प्रदेश हिरवा झाला तरी टेकडी काळीच राहिली. जळालेल्या, लोखंड मिसळलेल्या त्या जमिनीत गवत रुजले नाही. स्मारकाबद्दल बोलताना लोक बहुधा मूर्तीच्या उंचीपासून सुरुवात करतात. मला मात्र हा तपशील आधी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण स्मारकाचे खरे साहित्य ही माती आहे आणि काँक्रीट तिच्यावर नंतर चढले आहे.

बांधकाम मे १९५९ मध्ये सुरू झाले आणि १५ ऑक्टोबर १९६७ रोजी सोव्हिएत नेते लिओनिद ब्रेझनेव्ह यांच्या उपस्थितीत स्मारकाचे उद्घाटन झाले. दरम्यान, १९६१ मध्ये शहराचे स्टालिनग्राड हे नाव जाऊन व्होल्गोग्राड झाले होते. शिल्पकार येव्गेनी वुचेतिच, वास्तुरचनाकार याकोव बेलोपोल्स्की आणि मूर्ती उभी कशी राहील याचे गणित मांडणारे अभियंते निकोलाय निकितिन, ही या कामातली मुख्य नावे. मॉस्कोचा ओस्तान्किनो दूरचित्रवाणी मनोरा याच निकितिन यांचा. सुरुवातीचा आराखडा पुष्कळ लहान होता. काम पुढे सरकले तशी उंची वाढत गेली आणि शेवटी पायापासून तलवारीच्या टोकापर्यंत ८५ मीटरची मूर्ती साकारली. त्या वर्षी ती जगातली सर्वांत उंच मूर्ती होती.

अभियांत्रिकीच्या अंगाने हे काम थक्क करणारे आहे. साडेपाच हजार टन काँक्रीट आणि दोन हजार चारशे टन धातू वापरलेली ही मूर्ती पायाला जखडलेली नाही. पटावर ठेवलेल्या बुद्धिबळाच्या सोंगटीसारखी ती स्वतःच्या वजनावर उभी आहे. आतून ती पोकळ आहे, छोट्या छोट्या खोल्यांसारख्या कप्प्यांत विभागलेली, आणि भिंतींची जाडी जेमतेम पंचवीस ते तीस सेंटिमीटर. काँक्रीटला ताण सहन व्हावा म्हणून आत पोलादी दोर ताणून बसवलेले आहेत. तलवारीने मात्र बांधणाऱ्यांना बराच त्रास दिला. पहिले पाते पोलादाच्या सांगाड्यावर टायटॅनियमचे पत्रे चढवून केलेले होते. गवताळ मैदानावरून येणाऱ्या वाऱ्याने ते हेलकावे खाऊ लागले, पत्रे खडखडू लागले आणि वाकू लागले. १९७२ मध्ये ते उतरवून संपूर्ण पोलादाचे नवे पाते बसवले गेले आणि वाऱ्याला वाट मिळावी म्हणून टोकाकडच्या भागात भोके ठेवली गेली. अलीकडे मूर्तीची मोठी दुरुस्ती झाली आणि ती २०२० मध्ये पूर्ण झाली.

माझी भाची व्होल्गोग्राडच्या वैद्यकीय विद्यापीठात शिकत होती. तेथे भारतीय विद्यार्थी बरेच आहेत आणि त्यांत महाराष्ट्रातली मुलेही असतात. तिच्यामुळे मला हे स्मारक सावकाश, पायी, खालपासून वरपर्यंत पाहता आले. रस्त्यावरच्या फुलवालीकडून तिने लाल कार्नेशनची चार फुले घेतली. मी पाचवे मागितले तेव्हा तिने मला थांबवले: ‘मामा, विषम संख्या वाढदिवसाला देतात. इथे वर माणसे पुरलेली आहेत, इथे समच फुले न्यायची.’ परदेशात चार वर्षे काढलेल्या मुलीला तिथले पुस्तकात न लिहिलेले रीतिरिवाज असे अंगवळणी पडलेले पाहून मला तिचे कौतुक वाटले, आणि आपण एका स्मशानात शिरत आहोत याची जाणीवही त्याच क्षणी झाली.

कारण हे स्मारक चढून जाण्यासाठीच रचलेले आहे. खालून माथ्यापर्यंत दोनशे पायऱ्या आहेत, लढाईच्या दोनशे दिवसांच्या दोनशे. उंच, सडपातळ पॉप्लर वृक्षांच्या दुतर्फा रांगांतून वाट पुढे जाते आणि एका चौकात पाण्याच्या मध्यभागी खडकातून वर उसळलेला एक उघडा सैनिक समोर येतो, एका हातात बंदूक आणि दुसऱ्यात हातबाँब. त्याचा चेहरा ६२व्या सेनेचे सेनापती वासिली चुइकोव्ह यांच्या चेहऱ्यावरून घेतलेला आहे. त्याच्यापुढे दोन्ही बाजूंना पडक्या इमारतींसारख्या भिंती उभ्या आहेत. त्यांच्यावर गोळ्यांच्या खुणा, सैनिकांचे चेहरे, शपथा आणि घोषणा कोरल्या आहेत, आणि त्यांच्यातून युद्धकाळातल्या आकाशवाणीच्या बातम्या, तोफांचे आवाज आणि गाणी ऐकू येत राहतात. या जागी एक गोष्ट घडते जी छायाचित्रांत कधीच कळत नाही. खाली असताना सतत दिसणारी ती प्रचंड मूर्ती चढताना कधी सैनिकाच्या मागे, कधी भिंतींच्या आड झाकली जाते. वाटेतले दुःख ओलांडल्याशिवाय आईपर्यंत पोहोचता येत नाही, हे रचनाकारांनी जाणीवपूर्वक ठरवलेले आहे, असे माझे मत आहे.

भिंतींनंतर वीरांचा चौक येतो. लांबट आयताकृती तलाव, एका बाजूला सहा शिल्पे, तर दुसऱ्या बाजूला फडकणाऱ्या ध्वजाच्या आकाराची लांबच लांब भिंत. त्या भिंतीवर कोरलेल्या ओळींचा आशय असा की लोखंडी वारा त्यांच्या तोंडावर आदळत होता, तरी ते पुढेच जात राहिले आणि शत्रूच्या मनात अंधश्रद्धेसारखी भीती दाटून आली: हल्ला करणारी ही माणसेच आहेत का, ती मर्त्य आहेत का? चौक ओलांडून सैनिकी कीर्तीच्या सभागृहात शिरले की आतल्या भिंतीवर या प्रश्नाचे उत्तर मिळते. होय, आम्ही साधी मर्त्य माणसे होतो आणि आमच्यातले थोडेच वाचले, पण मातृभूमीविषयीचे कर्तव्य आम्ही सर्वांनी पार पाडले. प्रश्न बाहेर उन्हात आणि उत्तर आत, मृतांच्या नावांच्या सोबतीने, तेही ‘आम्ही’ म्हणून दिलेले. दगडावर कोरलेल्या मजकुराची इतकी नेमकी योजना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

बाहेरच्या भिंतीवरचे ते शब्द वासिली ग्रोसमन यांचे आहेत. सैन्याच्या वृत्तपत्राचे वार्ताहर म्हणून ते स्टालिनग्राडमध्ये कित्येक महिने राहिले आणि १९४२च्या हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी लिहिलेल्या लेखात या ओळी होत्या. पुढे याच लढाईवर त्यांनी आयुष्यातली सर्वांत मोठी कादंबरी लिहिली. १९६१ मध्ये राज्याच्या गुप्तचरांनी तिचे हस्तलिखित, टंकलिखित प्रती, इतकेच काय कार्बन कागदही जप्त केले. १९६४ मध्ये कर्करोगाने ग्रोसमन यांचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी स्मारक खुले झाले तेव्हा त्यांचे शब्द हजारो लोकांपुढे दगडात उभे होते आणि त्यांच्याखाली त्यांचे नाव नव्हते. ती कादंबरी सोव्हिएत संघात छापली गेली ती १९८८ मध्ये. ग्रोसमन यांची आई १९४१ मध्ये युक्रेनमधल्या बेर्दिचिव्ह या गावी नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडात मारली गेली होती. आईच्या रूपात देश उभा करणाऱ्या या टेकडीवर, आई गमावलेल्या त्या मुलाचे शब्द निनावी राहावेत, याची मला मनापासून खंत वाटते.

सभागृह गोल आहे, भिंती सोनेरी काचेच्या मोझेकने मढवलेल्या आहेत आणि मधोमध जमिनीतून वर आलेला पांढऱ्या संगमरवराचा हात मशाल धरून आहे. ती ज्योत अखंड तेवत असते. भोवती चौतीस शोकध्वज मोझेकमध्ये रेखलेले असून त्यांच्यावर ७,२०० मृतांची नावे लिहिली आहेत. बाजूने वर चढत जाणारा उतार असल्यामुळे माणूस त्या नावांच्या समोरून हळूहळू वर सरकतो. पहारेकरी निश्चल उभे असतात आणि दर तासाला त्यांची पाळी बदलते. येथे मंद स्वरात जे संगीत सतत चालू असते, ते ‘ट्रॉयमराय’, म्हणजे रोबर्ट शुमान या जर्मन संगीतकाराची रचना. जर्मन सैन्याशी लढताना मेलेल्यांच्या स्मरणार्थ जर्मन संगीत निवडणे हा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्या मनाचा मोठेपणा मला त्या ८५ मीटरच्या मूर्तीपेक्षा अधिक उंच वाटतो. शत्रूची संस्कृती शत्रूच्या सैन्यापासून वेगळी पाहण्याइतके मन, लढाई संपून पंचवीस वर्षेही झालेली नसताना, एखाद्या राष्ट्राकडे असावे, ही साधी गोष्ट नाही.

सभागृहातून वर बाहेर पडले की शोकाचा चौक. येथे दुसरी आई आहे. मांडीवर मृत मुलगा घेऊन ती वाकलेली आहे आणि मुलाचा चेहरा ध्वजाने झाकलेला आहे, त्यामुळे तो कोणाचाही मुलगा असू शकतो. पायाशी पाणी आहे. माथ्यावरच्या आईची हाक ऐकून जे गेले, त्यांतले परत आलेले असे, हा या दोन मूर्तींमधला संबंध तेथे उभे राहिल्यावर कोणी समजावून सांगावा लागत नाही. भाचीने फुले ठेवली ती याच ठिकाणी. मार्शल चुइकोव्ह यांची समाधीही येथेच आहे. १२ सप्टेंबर १९४२ रोजी या टेकडीवर त्यांनी आपले ठाणे उभारले होते, आणि मृत्यूपूर्वी पत्र लिहून त्यांनी याच मातीत पुरले जावे अशी इच्छा कळवली. १९८२ मध्ये ती पूर्ण केली गेली. नेमबाज वासिली झाइत्सेव्ह यांचे अवशेषही २००६ मध्ये येथे आणले गेले. येथून वर जाणारी नागमोडी वाट वीरपदक मिळालेल्यांच्या ग्रॅनाइटच्या शिळांमधून जाते. आजूबाजूला जी हिरवळ दिसते ती सामुदायिक कबर आहे, आणि तिच्यात ३४,५०५ सैनिक आहेत.

तलवारीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तिचा अर्थ या एका टेकडीपुरता नाही. वुचेतिच यांनीच १९४९ मध्ये बर्लिनच्या ट्रेप्टो उद्यानात सोव्हिएत सैनिकाचे शिल्प केले होते. त्याच्या एका हातावर वाचवलेली लहान मुलगी आहे आणि दुसऱ्या हातातली तलवार खाली झुकलेली आहे, नाझींच्या तुटलेल्या स्वस्तिकचिन्हावर. उरल पर्वतातल्या मॅग्निटोगोर्स्क या पोलादाच्या शहरात कामगार सैनिकाच्या हाती तलवार सोपवतो आहे, असे तिसरे स्मारक १९७९ मध्ये शिल्पकार लेव्ह गोलोव्नित्स्की यांनी उभारले. उरलमध्ये घडलेली तलवार व्होल्गाकाठी उगारली जाते आणि बर्लिनमध्ये खाली ठेवली जाते, अशी ही साखळी आहे. गंमत वाटावी अशी बाब म्हणजे घडणीचा क्रम नेमका उलटा आहे: तलवार खाली ठेवणारा सैनिक सर्वांत आधी, ती उगारणारी आई नंतर, आणि ती घडवणारा कामगार सर्वांत शेवटी, वुचेतिच यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बागेत तलवारीवर घाव घालून तिचा नांगर करणाऱ्या माणसाचे जे शिल्प आहे, तेही वुचेतिच यांचेच, १९५९चे. म्हणजे मामायेव टेकडीवर काम सुरू झाले त्याच वर्षी हाच शिल्पकार जगापुढे तलवार मोडून दाखवत होता. या सर्व कामांत तलवार उगारलेली दिसते ती फक्त एका ठिकाणी, जेथे शत्रू दाराशी आला होता तेथे.

स्मारकाची थोरवी मान्य करूनही त्यातले मौन नजरेआड करता येत नाही. खडकातल्या सैनिकापाशी ‘एक पाऊलही मागे नाही’ असे शब्द आहेत. २८ जुलै १९४२च्या स्टालिन यांच्या २२७ क्रमांकाच्या हुकुमाचे हे घोषवाक्य. त्याच हुकुमाने शिक्षा झालेल्यांच्या तुकड्या आणि माघार घेणाऱ्यांना अडवणाऱ्या तुकड्या उभ्या केल्या. शूर माणसे स्वेच्छेने उभी राहिली हे खरे आणि त्यांच्यामागे बंदुका होत्या हेही खरे. दगडावर त्यातले एकच सत्य आहे. नागरिकांनाही येथे जागा थोडी मिळाली आहे. या लढाईत सोव्हिएत बाजूचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून दहा लाखांहून अधिक सैनिक कामी आले किंवा निकामी झाले, तेव्हा सभागृहातली ७,२०० नावे त्या आकड्यापुढे किती अपुरी आहेत हे सांगायला नको.

आज या टेकडीकडे पाहताना मला कीव्हची टेकडी आठवल्यावाचून राहत नाही. नीपर नदीच्या उंच काठावर, ढाल आणि तलवार घेतलेली तशीच एक आई उभी आहे. तिचा मूळ आराखडा वुचेतिच यांचाच होता. त्यांच्या निधनानंतर वासिल बोरोदाय यांनी तो बदलून पूर्णत्वास नेला आणि १९८१ मध्ये ते स्मारक खुले झाले. स्टालिनग्राडसाठी लढलेल्यांत रशियन होते तसेच युक्रेनियन, कझाक, उझबेक, तातारही होते, आणि मामायेव टेकडीच्या मातीत ते एकत्रच पडलेले आहेत. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. पुढच्या वर्षी कीव्हच्या मूर्तीच्या ढालीवरचे विळा-हातोड्याचे सोव्हिएत चिन्ह कापून काढले गेले आणि तेथे युक्रेनचा त्रिशूळ बसवला गेला. व्होल्गोग्राडच्या विमानतळाला २०२५ मध्ये पुन्हा ‘स्टालिनग्राड’ हे नाव देण्यात आले. एकाच शिल्पकाराच्या कल्पनेतून निघालेल्या या दोन आया आता एकमेकींशी लढणाऱ्या दोन राष्ट्रांच्या झाल्या आहेत, आणि दोघींच्याही हातातली तलवार वरच आहे.